गेन फुल्ल, तरी आवाजात दम नाही: सिग्नल व्होल्टेज कुठे अडतं ते कसं शोधायचं

गाडीतल्या साउंडची तक्रार साधारण सारखीच असते. ॲम्प चांगला आहे, बास ट्यूब नवी आहे, गेन, म्हणजे ॲम्पवरचा सिग्नल जुळवायचा नॉब, शेवटपर्यंत फिरवलाय, पण आवाजाला जोर नाही. त्यावर आपल्याकडचा सल्लाही ठरलेला: "गेन वाढाई दे ना भो." तो आधीच फुल्ल असतो. मग ॲम्पला नावं ठेवून दुसरा ॲम्प घेतला जातो आणि त्याच्यावरही तेच रडगाणं.

पाना हातात घेण्याआधी एक हिशेब समजून घ्या. बऱ्याच ॲम्पच्या मॅन्युअलमध्ये इनपुट सेन्सिटिव्हिटी ०.२ ते ६ व्होल्ट अशी काहीतरी लिहिलेली असते. म्हणजे गेन पूर्ण उजवीकडे असेल, तर ०.२ व्होल्टच्या सिग्नलवरही ॲम्प स्वतःची पूर्ण पॉवर देतो. डेकमधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक प्लेयरमधून, नुसता अर्धा व्होल्ट येत असला तरी गेन फुल्ल करायची पाळी यायला नको. "डेकचा प्रीआउट (ॲम्पला सिग्नल देणारं आउटपुट) २ व्होल्टचा आहे, ४ व्होल्टचा असता तर गाडी हलली असती," हे म्हणूनच खरं नाही. प्रीआउटचं व्होल्टेज वाढल्याने ॲम्पचे वॅट वाढत नाहीत. गेन खाली ठेवता येतो आणि मागची सूं-सूं, अल्टरनेटरची शिट्टी कमी ऐकू येते, एवढाच त्याचा फायदा. तो फायदा छोटा नाही, पण तो वेगळा.

तेव्हा गेन फुल्ल असूनही आवाज कमी असेल, तर मुख्य शक्यता तीन. सिग्नल वाटेत कुठेतरी मरतोय. किंवा सिग्नल ठीक आहे, पण एखादा स्विच, फिल्टर किंवा उलटी वायर तो खातेय. किंवा ॲम्पला बॅटरीकडून पुरेसा करंट पोचत नाही. कानाने या तिन्हींत फरक करता येत नाही, मीटरने येतो.

मीटर कोणता, याला महत्त्व आहे

बहुतेकांकडे असतो तो पिवळा किंवा काळा ८३०डी मीटर. बॅटरी, फ्यूज, स्पीकरचा ओहम बघायला तो उत्तम. पण त्यावर एसी व्होल्टच्या दोनच रेंज आहेत, २०० आणि ७५०. २०० च्या रेंजवर तो ०.१ व्होल्टच्या पायरीने दाखवतो. प्रीआउटचा ०.८ व्होल्ट त्यावर ०.७ दिसेल, ०.९ दिसेल, कधी १.० दिसेल. त्यावर निदान करायचं नाही. एसीसाठी २ आणि २० व्होल्टची रेंज असलेला ९२०५ए प्रकारचा मीटर घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला शोधलं तर मिळून जातो.

दुसरी अडचण फ्रिक्वेन्सीची. स्वस्त मीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच एसी नीट मोजतात. १ किलोहर्ट्झचा टोन लावून मोजलं तर आकडा चुकीचा येऊ शकतो. त्यामुळे सब-वूफरसाठी ५० हर्ट्झ आणि बाकी स्पीकरसाठी ३०० हर्ट्झच्या आसपासचा साइन टोन, म्हणजे एकाच सुराचा सलग आवाज, वापरा. टोन ० डीबीचा, म्हणजे फाइलमध्ये मावेल तेवढ्या पूर्ण पातळीचा हवा. तो फोनवरून ब्लूटूथने वाजवू नका. डब्ल्यूएव्ही फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकून थेट डेकला लावा. ब्लूटूथमध्ये फोनचा आवाज, फोनचा इक्वलायझर आणि डेकचा आवाज असे तीन नळ एकामागे एक येतात आणि त्यातला कुठला अर्धा बंद आहे ते कळत नाही. किंबहुना "यूएसबीवर ठीक, ब्लूटूथवर कमी" अशी तक्रार असेल तर ॲम्पला हात लावू नका. फोनचा मीडिया व्हॉल्यूम पूर्ण करून बघा, बऱ्याचदा तिथेच मिटतं.

पहिलं माप: आरसीएवर काय येतंय

डेक बंद करा, मगच ॲम्पच्या बाजूची आरसीए (डेक ते ॲम्प सिग्नल नेणाऱ्या केबलची) पिन काढा. चालू डेकवर आरसीए काढघाल करायची सवय वाईट. काही डेकमध्ये आरसीएच्या ग्राउंडला आत एक बारीक फ्यूज असतो. ॲम्पची अर्थची वायर ढिली असताना करंट या रस्त्याने परतला की तो उडतो. मग सिग्नल अशक्त होतो आणि इंजिनासोबत चढणारी शिट्टी सुरू होते. हे तपासायला सगळं बंद करून, आरसीए ॲम्पपासून सुटी ठेवून, डेकच्या आरसीएची बाहेरची कडी आणि डेकची लोखंडी बॉडी यांच्यात ओहम मोजा. शून्याच्या जवळ आकडा हवा. शेकडो ओहम किंवा ओपन दाखवत असेल तर डेक उघडणाऱ्या चांगल्या कारागिराकडे तो फ्यूज बदलून घ्या. बाहेरून कडीला वायर जोडून बॉडीला अर्थ दिला की शिट्टी थांबते, पण तो तात्पुरता इलाज आहे.

आता डेकमध्ये इक्वलायझर फ्लॅट, लाउडनेस बंद, बास बूस्ट शून्य, फेडर (पुढे-मागे आवाज वाटणारं सेटिंग) आणि बॅलन्स (डावं-उजवं) मध्यावर. सब-वूफर लेव्हल शून्यावर, उणे नको. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण फेडर पूर्ण पुढे असेल तर मागच्या प्रीआउटवर जवळपास काहीच येत नाही आणि ॲम्प त्याच प्रीआउटला जोडलेला असतो. काही डेकमध्ये मागचा प्रीआउट 'रिअर' आणि 'सब-वूफर' असा सेटिंगमधून बदलतो. ते उलटं असेल तर सबला पूर्ण आवाज मिळतो पण फिल्टर लागत नाही, किंवा मागच्या दारांना नुसता बास जातो.

टोन चालू करा. मीटर एसी २० व्होल्टवर, एक प्रोब मधल्या पिनला, दुसरा बाहेरच्या कडीला. डेकचा आवाज अर्ध्यापासून दोन-दोन पायऱ्यांनी वर न्या आणि आकडे कागदावर लिहा. समजा ० ते ४० च्या डेकवर असं दिसलं: २८ वर १.१२, ३० वर १.४१, ३२ वर १.७८, ३४ वर १.९३, ३६ वर १.९८. ३२ पर्यंत दर दोन पायऱ्यांना आकडा सव्वापट होतोय आणि तिथून पुढे तो जेमतेम हलतोय. म्हणजे ३२ नंतर डेक स्वतःच क्लिप होतोय, लाटेचं डोकं कापलं जातंय. या डेकचा वापरण्याजोगा शेवट ३२, सावधपणे ३१. खोक्यावर ४ व्होल्ट छापलं असलं तरी हिशेबाला धरायचा तो हा १.७८. स्वस्त अँड्रॉइड डेकवर छापील आकडा आणि खरा आकडा यांत दुपटीचा फरक दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

काही डेकच्या वरच्या पायऱ्या मुळातच बारीक असतात, म्हणून ही युक्ती शंभर टक्के नाही. खात्री हवी तर खिशातला छोटा ऑसिलोस्कोप लावा. तो वापरताना एक गोष्ट विसरू नका: त्याचं चार्जिंग गाडीच्याच यूएसबीवर लावून ॲम्पच्या ब्रिज्ड (दोन चॅनल जोडून एक केलेल्या) आउटपुटवर प्रोब टाकू नका. ब्रिजमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. स्कोपचा ग्राउंड चार्जरमधून बॉडीला पोचलेला असतो आणि ॲम्पचं एक टोक सरळ शॉर्ट होतं. स्कोप स्वतःच्या बॅटरीवरच चालवा.

आता वरच्या मापाचा निकाल. ॲम्पजवळ अर्धा व्होल्ट किंवा जास्त मिळालं, तर सिग्नल निर्दोष. पुढच्या भागाकडे जा. त्याच्या खाली असेल, तर हेच माप डेकच्या मागे घ्या. डेककडे १.८ आणि ॲम्पकडे ०.३ आलं, तर केबल गेली. केबल लांब आहे म्हणून व्होल्टेज पडलं, ही समजूत सोडून द्या. ॲम्पचा इनपुट साधारण दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो आणि पाच मीटर केबलचा रोध त्यापुढे नगण्य. पडतं ते तुटलेल्या तारेमुळे, हिरव्या पडलेल्या पिनमुळे किंवा ड्रायव्हर सीटच्या रुळाखाली चिरडल्यामुळे. मीटर लावून ठेवा आणि सीट पुढे-मागे सरकवा. आकडा उड्या मारायला लागला तर केबल तिथेच दाबली गेलीय. वाय-जोडही असाच बदनाम आहे. एका प्रीआउटवरून दोन ॲम्प घेतल्याने व्होल्टेज अर्धं होत नाही, किंचित उतरतं. स्वस्त वाय-जोडाच्या आतला सांधा मात्र सुटतो, ही गोष्ट निराळी.

एकच बाजू कमी असेल तर ॲम्पकडच्या डाव्या-उजव्या पिना आलटून-पालटून लावा. दोष बाजू बदलून गेला तर तो केबल किंवा डेकचा, तिथेच राहिला तर ॲम्प किंवा स्पीकरचा. मग डेककडच्या पिना बदला, केबल आणि डेक वेगळे होतील.

कंपनीच्या डेकवरून सिग्नल घेतला असेल तर

आता नवी गाडी घेणारे बरेच जण कंपनीचा डेक काढत नाहीत. स्पीकरच्या वायरवरून कन्व्हर्टर लावून आरसीए काढतात. इथे दोष जास्त सापडतात. कंपनी डेकची खरी पॉवर चॅनलमागे १५ ते २० वॅटच्या घरात असते, म्हणजे ४ ओहमवर ८ व्होल्टच्या आसपास. कन्व्हर्टर ते उतरवून देतो. त्यावर दोन बारीक स्क्रू असतात, डाव्या-उजव्या पातळीचे, आणि बसवताना ते बंदच राहून गेलेले असतात. आधी ते बघा.

दुसरं म्हणजे वायरींची दिशा. एका बाजूची प्लस-मायनस उलटी लागली, तर दोन्ही चॅनल एकत्र होताना बास एकमेकाला मारून टाकतो. आवाज आहे, गाणं ऐकू येतं, फक्त बास नाही. आरसीएवरचं व्होल्टेज मात्र चोख दिसतं, म्हणून हा दोष माणसाला फिरवतो. बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेऊन बघा. एका बाजूला बास वाढला आणि मध्यावर आणल्यावर गेला, तर फेज उलटा आहे. स्पीकरच्या वायर त्याच्या टोकांवर १.५ व्होल्टच्या सेलने पाहता येतात. वायर डेकपासून सोडवून सेल क्षणभर टेकवा, स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) बाहेर उसळला तर सेलचा प्लस तोच स्पीकरचा प्लस. सेल ट्वीटरला लावू नका.

स्पीकरची मायनस वायर बॉडीला किंवा आरसीएच्या कडीला थेट जोडू नका. डेकच्या आउटपुटमध्ये मायनसही जिवंत असतो, आत बसलेला आयसी जातो.

आणि तिसरं, जे वायरिंगने सुटत नाही: बरेच कंपनी डेक आवाज वाढवला की आतले छोटे स्पीकर वाचवायला बास स्वतःच कापतात. आवाज १५ वर असताना सब दणदणीत आणि २५ वर फिका. ५० हर्ट्झच्या टोनवर माप घेतलं तर आकडा वाढायच्या ऐवजी थबकतो किंवा उतरतो. गेन, लाइन ड्रायव्हर (सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारा डबा), काहीही लावा, गेलेला बास परत येत नाही. बास परत करणारा डीएसपी (सिग्नल डिजिटल पद्धतीने सुधारणारा डबा) लावा किंवा डेक बदला.

सिग्नल आहे, तरी आवाज नाही

ॲम्पचं झाकण काढा आणि स्विच बघा. सर्वात जास्त वेळा सापडतो तो फिल्टर. पुढच्या स्पीकरवर एलपीएफ (फक्त खालचे सूर सोडणारा) चालू आणि ८० हर्ट्झला: घोगरा, दबका आवाज. सबवर एचपीएफ (फक्त वरचे सूर सोडणारा): नुसती टिकटिक. दोन्ही फिल्टर लागोपाठ, एक डेकमध्ये आणि एक ॲम्पमध्ये, असंही दिसतं आणि त्यांची मधली फट जेवढी मोठी तेवढा आवाज कमी. फिल्टर एकाच ठिकाणी ठेवा, दुसरीकडे फुल्ल किंवा ऑफ.

काही ॲम्पवर इनपुटची पातळी निवडायचा स्विच असतो, लो म्हणजे ०.२ ते २ व्होल्ट आणि हाय म्हणजे ०.८ ते ८ असा. आरसीए जोडून स्विच हायवर राहिला आणि डेक अर्धा व्होल्ट देतोय, तर गेन कितीही फिरवा, ॲम्प कधीच भरणार नाही. डॅशबोर्डवरचा बास नॉब शून्यावर असेल तर तीच गत.

गेन बसवणे

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. डेक सर्वात जास्त स्वच्छ सिग्नल देत असेल तेव्हा ॲम्पने आपली पूर्ण पॉवर गाठावी, एवढंच त्याचं काम.

स्पीकर ॲम्पपासून सोडवा. बास बूस्ट शून्य, बास नॉब पूर्ण वर, गेन पूर्ण खाली. डेक आधी शोधलेल्या आकड्यावर, वरच्या उदाहरणात ३१. टोन चालू. ॲम्पच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजत गेन हळूहळू वाढवा आणि ठरलेल्या व्होल्टवर थांबा. ते व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॅट आणि ४ ओहमला १४.१ व्होल्ट. ७५ वॅट ४ ओहमला १७.३. १०० वॅट ४ ओहमला २०. ३०० वॅट २ ओहमला २४.५. ५०० वॅट २ ओहमला ३१.६. ५०० वॅट १ ओहमला २२.४.

वॅट म्हणजे आरएमएस, सतत देता-घेता येणारी पॉवर, आणि ॲम्प व स्पीकर यांतला जो कमी तो. ट्यूबवर छापलेले "१५०० वॅट मॅक्स" हिशेबात घेऊ नका. स्पीकर सोडवून मोजलेला आकडा थोडा फुगलेला असतो, कारण लोड आला की सप्लाय खाली बसतो. म्हणून ठरलेल्या व्होल्टपेक्षा पाचेक टक्के आधी थांबलेलं बरं.

गेन बसवताना टोन किती डीबीचा घ्यायचा, यावर मतभेद आहेत. आमचं मत गाण्यांवर अवलंबून. लग्नाच्या सीझनला वाजणारी अहिराणी डीजे रिमिक्स आधीच शून्य डीबीला चेपून भरलेली असतात, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून आली असतील तर फाटलेलीही. तिथे ० डीबीचाच टोन. जुनी सिनेगीतं, भजनं ऐकणाऱ्याच्या गाडीत उणे ५ डीबीचा टोन घेऊन गेन बसवला तरी चालतो, त्या रेकॉर्डिंगची पातळीच खाली असते. उणे १० वर बसवून रिमिक्स वाजवले तर ट्वीटर जाणार. क्लिप झालेल्या लाटेत वरच्या फ्रिक्वेन्सी भरपूर असतात आणि पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या साइनच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये ओतते.

बास बूस्टचंही तसंच. १२ डीबी बूस्ट म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला सोळापट पॉवर मागणं. नॉबच्या बाजूला लिहिलेलं नसतं, पण ५०० वॅटच्या ॲम्पकडे तेवढं कुठून येणार?

प्रीआउट खरोखरच अर्ध्या व्होल्टच्या खाली असेल तर लाइन ड्रायव्हर लावा, तोही डेकजवळ. ॲम्पजवळ लावला तर वाटेत गोळा झालेली शिट्टीही तो मोठी करतो.

करंट

इंजिन चालू, आवाज जोरात. ॲम्पच्या प्लस आणि ग्राउंडवर डीसी व्होल्ट बघा. बॅटरीवर १४ आणि ॲम्पवर बासच्या ठोक्याला ११ दिसत असेल तर गेन विसरा. कुठे पडतंय ते असं काढा: मीटर डीसी २ व्होल्टवर, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा ॲम्पच्या प्लसवर, आणि टोन वाजवा. मग बॅटरीचा मायनस आणि ॲम्पचा ग्राउंड. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती बाजू दोषी.

५०० वॅटचा डी-क्लास ॲम्प पूर्ण भारात ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. ५ मीटर शुद्ध तांब्याच्या २१ स्क्वेअर एमएम, म्हणजे ४ गेजच्या वायरीवर त्यात ०.२ व्होल्ट जातो. ८ गेजवर जवळपास अर्धा. ८ गेज आणि वर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर पाऊण. बाजारात जाड रबर आणि आत बारीक तार असलेली "४ गेज" खूप मिळते, टोक सोलून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सोललेली तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियम. ग्राउंडची वायर अर्ध्या मीटरच्या आत, रंग घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर, थिंबल क्रिंप करून बोल्टने आवळा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. मेन फ्यूज बॅटरीजवळ.

रावेर-सावद्याकडचे केळीचे मोठे ट्रक २४ व्होल्टचे. तिथे दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा शॉर्टकट सर्रास दिसतो. खालची बॅटरी उपाशी राहते, वरची जास्त चार्ज होऊन आटते, आणि ॲम्पचा आवाज रोज थोडा उतरतो. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा, पण डेकपुरता १० अँपिअरचा नाही. ४ चॅनलचा, चॅनलमागे ६० वॅटचा एबी-क्लास ॲम्प पूर्ण भारात ३० अँपिअर मागतो. कन्व्हर्टरच्या आउटपुटवर वाजताना व्होल्ट मोजा, १२ च्या खाली झुकत असेल तर तो अपुरा.

उन्हाळ्यात फक्त दुपारी आवाज पडत असेल

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे बाहेर ४५ असताना उन्हात उभ्या बंद गाडीत ६० च्या वर सहज जातं. ॲम्प सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळलेला असेल तर हीटसिंक गाडी सुरू होण्याआधीच तापलेला. काही ॲम्प प्रोटेक्टला जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतात, लाल दिवा लागतो. काही शहाणे ॲम्प दिवा न लावता स्वतःच आवाज खाली घेतात आणि माणूस गेन वाढवतो, मग ॲम्प आणखी तापतो. खूण सोपी: सकाळी ठीक, दुपारी अर्ध्या तासाने कमी, थंड झाल्यावर परत ठीक. जिनिंगच्या भागात फिरणाऱ्या गाडीत पंख्याच्या जाळीवर रुई बसते, ब्रशने काढा. ॲम्पच्या वर आणि बाजूला चार बोटं मोकळी जागा सोडा, आणि २ ओहमवर चालणारा सब ४ ओहमवर जोडता येत असेल तर जोडा. पॉवर उतरते, पण उष्णताही बरीच उतरते. ओहम बदलला की व्होल्टचा हिशेबही बदलतो, गेन पुन्हा मोजून बसवा आणि नॉबच्या खाचेवर मार्करने रेघ मारा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी फिरवला ते लगेच दिसेल.